जुन्या इंजिनाला जादा हवा : सुपरचार्जर बसवण्याआधी काय मोजायचं?



आपल्या परिसर अभ्यासात 'हवा जागा व्यापते', 'हवेला वजन असते', 'हवेला दाब असतो' ही तीन वाक्यं असतात. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. आज हीच तीन वाक्यं एका वेगळ्या वाटेने बघू या. विषय आहे गाडीचं इंजिन. त्यातही प्रश्न असा, की पुष्कळ पळालेल्या जुन्या गाडीच्या इंजिनाला सुपरचार्जर बसवला तर काय होईल?

तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या शिक्षिकेला हा विषय कुठून सुचला? आमचं चितेगाव पैठण रोडवर. आजूबाजूला कंपन्या, गॅरेज, येणारे-जाणारे ट्रक. चौथी-पाचवीतल्या पोरांना गाड्यांची नावं पाढ्यांपेक्षा चांगली पाठ असतात. मोठी झाली की त्यातली बरीचशी आयटीआयला जातात. असाच आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा, आता मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारा, मला रस्त्यात भेटला. घरी बाराशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी, १ लाख ८० हजार किलोमीटर पळालेली. ती 'ओढत नाही' म्हणून त्याला सुपरचार्जर बसवायचा होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून पैसेही साठवायला लागला होता. तो म्हणाला, "मॅडम, फक्त हवाच तर जास्त भरायची आहे. त्यात इंजिनाचं काय बिघडतंय?"

घरात ती एकच गाडी. आजीला दवाखान्यात न्यायचं असो, बाजार असो की पाहुणे, सगळं तिच्यावर. त्यामुळे प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. वडील सरळ 'नाही' म्हणत होते आणि मुलगा ऐकत नव्हता. 'नाही' म्हणणं सोपं असतं, पण 'का नाही' हे दाखवायला हवं. ते दाखवण्यासाठी लागणारं विज्ञान आपल्या पाचवीच्या वर्गात बसतं. कसं ते पाहू.

इंजिन श्वास घेतं

मुलांना आधी स्वतःचे श्वास मोजायला लावा. एका मिनिटाला साधारण १५ ते २० भरतात. आता इंजिनाचे मोजू.

बाराशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे प्रत्येक सिलिंडर ३०० मिलिलिटरचा, पाण्याच्या छोट्या बाटलीएवढा. पिस्टन खाली गेला की हवा आत येते, वर आला की ती दाबली जाते, ठिणगी पडून पेट्रोल जळतं आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो, मग पुन्हा वर येताना धूर बाहेर पडतो. घे, दाब, जाळ, सोड. या चार कामांना इंजिनाचे दोन फेरे लागतात. म्हणजे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर एक सिलिंडर मिनिटाला १५०० श्वास घेतो. सेकंदाला २५!

गणित फळ्यावर मांडा :
१५०० श्वास × ३०० मिलिलिटर = ४५० लिटर
४ सिलिंडर × ४५० = १८०० लिटर, तेही एका मिनिटात.

ही कागदावरची कमाल झाली. प्रत्यक्षात फिल्टर, पाइप आणि व्हॉल्व्हच्या अडथळ्यांमुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही, आणि एक्सलेटर कमी दाबला असेल तर आणखी कमी भरतो. तरी आकडा ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात.

पुढची गंमत. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ११ किलो हवा लागते! आकारमानात सांगायचं तर सुमारे ९००० लिटर, म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या नऊ टाक्या. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण वजनाने बघितलं तर ती हवाच जास्त खाते.

मग ताकद वाढवायची असेल तर? नुसतं पेट्रोल जास्त ओतून चालत नाही. हवा कमी पडली तर ते अर्धवट जळतं, काळा धूर निघतो. हवा वाढवली तरच पेट्रोल वाढवता येतं. लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, भट्टी तीच, पण भाता हलवला की लोखंड लाल होतं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता.

भात्याचा थोडा इतिहास

हे नातं नुसतं उपमेपुरतं नाही बरं का. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी रूट्स आडनावाचे दोन भाऊ होते. त्यांनी १८६० साली हवा ढकलणाऱ्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. दोन पाती एकमेकांत गुंतून फिरतात आणि हवा पुढे लोटतात. त्याचा उपयोग आधी भट्ट्यांना हवा देण्यासाठी झाला. गाडीत हेच तत्त्व नंतर आलं. इंजिनात हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचं पेटंट गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ साली घेतलं आणि १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जर असलेल्या गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. रूट्स बंधूंच्या नावाचा सुपरचार्जर आजही मिळतो.

त्याचा चुलत भाऊ म्हणजे टर्बोचार्जर. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. दोघांचं काम एकच, हवा दाबून भरायची. फरक एवढाच की सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिनाचीच थोडी ताकद खातो. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो.

आपल्या महाराष्ट्रातही हे दोन्ही बघायला मिळतात. पुण्यात गाड्या बांधणाऱ्या मर्सिडीजची सी २०० कॉम्प्रेसर ही गाडी आपल्याकडे विकली गेली. त्यातला 'कॉम्प्रेसर' शब्द म्हणजे सुपरचार्जरच. आणि आपल्या जिल्ह्यात शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया बांधली जाऊ लागली. तिचं टर्बो डिझेल मॉडेल तुम्ही रस्त्यावर बघितलं असेल. म्हणजे हवा दाबून भरणं ही काही जादू नाही की गुन्हाही नाही. मग त्या मुलाच्या गाडीत अडचण कुठे होती? अडचण समजण्यासाठी वर्गात तीन प्रयोग करू.

प्रयोग १ : फुटबॉलचं वजन

साहित्य : फुटबॉल, हवा भरायचा पंप, किराणा तोलायचा डिजिटल काटा.

फुटबॉल आकारात येईल इतपतच हवा भरा आणि वजन करा. बॉल घरंगळू नये म्हणून काट्यावर एक वाटी ठेवा. मग बॉल कडक होईपर्यंत हवा भरून पुन्हा वजन करा. काटा चार-पाच ग्रॅमने पुढे सरकलेला दिसेल. बॉलचा आकार तेवढाच, पण आतली हवा वाढली. सुपरचार्जर हेच करतो. सिलिंडर ३०० मिलिलिटरचाच राहतो, पण त्यात जास्त वजनाची हवा मावते.

मुलांना इथे विचारा : आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. वर गेलं की हवा विरळ होते. मुंबईच्या तुलनेत आपल्याकडे हवेचा दाब साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, तो १५ टक्क्यांच्या आसपास कमी. मग तीच गाडी कुठे जास्त ओढेल? मुलं बरोबर उत्तर देतात. विमानं उंच उडायला लागली तेव्हा त्यांच्या इंजिनांना सुपरचार्जर का लागला, हेही त्यांना आपोआप कळतं.

प्रयोग २ : सायकलचा पंप गरम का होतो?

पंपाचं तोंड बोटाने अर्धवट बंद करून वीस-पंचवीस वेळा जोरात पंप मारा आणि पंपाच्या खालच्या भागाला हात लावा. गरम लागतो. काही उष्णता घासण्याची, पण बरीचशी हवा दाबल्यामुळे आलेली.

३५ अंशांची हवा दीडपट दाबली तर आदर्श हिशोबातसुद्धा ती ७० अंशांच्या वर जाते. खरा सुपरचार्जर काही आदर्श नसतो, त्यामुळे हवा ९० ते १०० अंशांपर्यंत तापू शकते. आणि आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्यात सुरुवातच ४२ अंशांपासून! गरम हवा फुगते, म्हणजे भरलेल्या हवेचा फायदा थोडा कमी होतो. शिवाय गरम मिश्रण ठिणगीची वाट न बघता स्वतःच भडकू शकतं. तेव्हा इंजिनातून खडखड आवाज येतो. मिस्त्री लोक म्हणतात, 'इंजिन नॉक करतंय'. ही खडखड पिस्टनवर हातोडी मारल्यासारखी असते. म्हणून कारखान्यातून येणाऱ्या अशा गाड्यांत बहुतेक वेळा हवा थंड करणारा इंटरकूलर असतो.

प्रयोग ३ : दोन सिरिंज

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग. साहित्य : सुई नसलेल्या, न वापरलेल्या सिरिंज. १० मिलिलिटरच्या दोन, २० मिलिलिटरची एक, त्यांना जोडणारी बारीक नळी आणि साबणाचं पाणी.

१० मिलिलिटरच्या एका सिरिंजचा दट्ट्या काढून त्याच्या रबराच्या कडेला ब्लेडने बारीक चीर द्या. हे काम शिक्षकानेच करायचं, मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये. ही झाली 'जुनी' सिरिंज. दुसरी 'नवी'.

आधी नवीचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. हवा दाबली जाते, सोडलं की दट्ट्या मागे उसळतो. ही उसळी म्हणजेच कम्प्रेशन. आता जुनी दाबा. दट्ट्या जातो, पण उसळी कमी. दट्ट्याच्या मागे साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर बुडबुडे येताना दिसतात.

आता २० मिलिलिटरची सिरिंज नळीने जोडून जादा हवा या सिरिंजमध्ये ढकला. हा आपला सुपरचार्जर! नव्या सिरिंजमध्ये दट्ट्या टणक होतो. जुनीमध्ये बुडबुडे जोरात येतात. जितकी हवा जास्त दाबाल, तितकी जास्त गळते.

मुलांना विचारा : जुन्या सिरिंजचं दुखणं काय? हवा कमी मिळते हे, की मिळालेली हवा टिकत नाही हे? या एका प्रश्नात सगळा धडा आला.

इंजिन जुनं होतं म्हणजे काय होतं?

मोठ्या संख्यांचा सराव घ्यायचा असेल तर हे उदाहरण छान आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने एक किलोमीटरला एक मिनिट लागतो. तेव्हा इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेतं असं धरू. १ लाख ८० हजार किलोमीटरला किती फेरे?

१,८०,००० × २५०० = ४५,००,००,०००, म्हणजे ४५ कोटी.

प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. म्हणजे ९० कोटी वेळा तो सिलिंडरच्या भिंतीवरून घासला. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून इंजिन टिकतं, पण झीज होतेच. ती कुठे कुठे होते ते बघा :

१. रिंग आणि बोअर. पिस्टनभोवतीच्या रिंगा सैल होतात, जळलेला गॅस खाली उतरतो. याला गॅरेजात 'बॅक कम्प्रेशन मारतंय' म्हणतात. सुपरचार्जरने दाब वाढला की हाच गॅस आणखी जोरात खाली जाऊन तेल सीलमधून बाहेर ढकलतो.

२. कार्बन. पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर बसतो. तो तापून निखाऱ्यासारखा लाल होतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो.

३. बेअरिंग. फट वाढली की तेलाचा दाब पडतो. पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. जळताना आतला दाब ५० बार धरला तर पिस्टनवर जवळजवळ १९०० किलोचा भार पडतो. तो ७० बार झाला तर सुमारे २७०० किलो. हा सगळा भार शेवटी त्या झिजलेल्या बेअरिंगवर.

४. हेड गॅस्केट आणि थंड पाणी. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातले क्षार आत साचतात, जसे चहाच्या पातेल्याला पांढरे थर बसतात तसे. उष्णता बाहेर जात नाही. त्यात ताकद वाढवली की उष्णताही वाढते.

५. पेट्रोल पंप आणि इंजेक्टर. हवा वाढली आणि पेट्रोल त्या प्रमाणात वाढलं नाही, तर मिश्रण पातळ होतं. भाराखाली पातळ मिश्रण फार तापतं, पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं.

६. क्लच, ब्रेक, टायर. इंजिनाने ओढलं तरी क्लच प्लेट घसरली तर काय उपयोग? आणि वेग वाढला तर थांबवायचं कोणी?

मग कारखान्यातल्या टर्बो गाडीला हे का होत नाही? कारण तिथे इंजिनाची आखणीच जादा दाब धरून केलेली असते. पिस्टन, तेलाची व्यवस्था, इंटरकूलर, क्लच आणि सगळ्यांचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर, सगळं एकमेकांना जुळवलेलं असतं. आपण बाहेरून फक्त भाता आणतो, भट्टी जुनीच राहते.

मोजायचं कसं?

आता त्या मुलाच्या गाडीकडे येऊ. मी त्याला 'बसव' म्हटलं नाही, 'बसवू नको' असंही नाही. एवढंच म्हटलं, "आधी चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून आण. मग बोलू." वडिलांनाही हे पटलं, कारण मोजायला फार खर्च येत नाही.

मिस्त्रींच्या गॅरेजवर हे काम असं करतात. इंजिन गरम करून बंद करायचं. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडायची. चारही प्लग काढायचे. एकेका प्लगच्या भोकात गेज लावायचं, एक्सलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि काटा थांबेल तो आकडा लिहायचा. हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं, घरी मुलांनी करून बघायचं काम नाही.

त्याचे आकडे आले : १६५, १६०, ११८, १६२ पीएसआय.

फळ्यावर हे चार आकडे लिहा आणि मुलांना विचारा, वेगळा कोण? तिसरीचं मूलही सांगेल. मग पाचवीला टक्केवारी काढू द्या. १६५ मधून ११८ गेले, ४७ उरले. ४७ म्हणजे १६५ च्या सुमारे २८ टक्के. चांगल्या इंजिनात सिलिंडर-सिलिंडरमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा लागतो.

मिस्त्रींनी पुढची पायरी केली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा १५० वर गेला. याचा अर्थ काय? तेलाने रिंगच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवल्या, म्हणून दाब वाढला. म्हणजे गळती रिंगमधून होती. तेल टाकूनही आकडा वाढला नसता, तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर गेला असता. एका चमचाभर तेलात केवढं निदान! कारण शोधायची ही पद्धत वर्गात जरूर सांगा. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि फरक बघायचा. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रयोग' म्हणतात तो हाच.

मुलाने स्वतःच आकडे बघितले आणि म्हणाला, "मॅडम, ही तर जुनी सिरिंज आहे." गाडी ओढत नव्हती ती हवा कमी पडते म्हणून नव्हे. तीन सिलिंडर काम करत होते आणि चौथ्याचं ओझंही वाहत होते. साठवलेले पैसे रिंग बदलणं, कार्बन काढणं, व्हॉल्व्ह बसवणं आणि रेडिएटर साफ करणं यात गेले. नव्याने काहीच वाढवलं नाही, गेलेलं तेवढं परत आणलं. खुलताबादला जाताना दौलताबादच्या घाटात गाडी आता गियर न पाडता चढते, असं त्याचे वडील सांगतात.

पालकांसाठी काही गोष्टी

तुमच्याही घरात असा उत्साही मुलगा किंवा मुलगी असेल तर एवढं ध्यानात असू द्या.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ रचना यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी किट चालतं, कारण ते मंजूर किट असतं आणि त्याची नोंद आरसीवर होते. शिवाय विमा कंपनीला न कळवता इंजिनात बदल केला, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाला तपासणी होते, तेव्हाही प्रश्न येतो.

स्वस्त 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'चं काय? ऑनलाइन छोटे पंखे मिळतात, पाइपमध्ये बसवा आणि ताकद वाढवा म्हणतात. साधा हिशोब करा. बाराशे सीसीच्या इंजिनाला पूर्ण वेगात दीडपट दाबाने हवा पुरवायला शेतातल्या ५ एचपीच्या मोटारीएवढी, कधी त्याहूनही जास्त ताकद लागते. ती बॅटरीवरच्या खेळण्यासारख्या पंख्यात कुठून येणार? उलट हवेच्या वाटेत अडथळाच होतो.

गाडी ओढत नसेल तर आधी काय बघायचं? एअर फिल्टर, प्लग, टायरची हवा, ब्रेक चिकटतोय का, क्लच घसरतोय का, इंजेक्टर, टॅपेटची फट आणि शेवटी कम्प्रेशन. स्वस्तापासून महागापर्यंत या क्रमाने जायचं. बऱ्याचदा दुखणं पहिल्या चार-पाचातच सापडतं.

आणि पुढे मोठं होऊन खरंच सुपरचार्जर बसवायचा असेल तर? तेही शिकण्यासारखंच काम आहे. पण क्रम उलटा चालत नाही. आधी मोजणी, मग इंजिन पूर्ण बांधून घेणं, मग दाब सोसणारे पिस्टन, पेट्रोलची व्यवस्था, हवा थंड करणं, कॉम्प्युटरची जुळणी, क्लच आणि ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी सुपरचार्जर. तेही रस्त्यावरच्या गाडीवर नाही, परवानगी असलेल्या ट्रॅकच्या किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टच्या गाडीवर. ज्यांना याची ओढ आहे त्यांना सांगा, की पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते. अशा ठिकाणी हे काम पोटापाण्याचंही होऊ शकतं.

शिक्षकांसाठी : वर्गात विचारायचे प्रश्न

१. फुटबॉलचा आकार न बदलता वजन कसं वाढलं?
२. आठशे सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांत जास्तीत जास्त किती लिटर हवा घेईल? (उत्तर : १२०० लिटर)
३. १५०, १४८, १५२, १४९ हे आकडे असलेलं इंजिन आणि १७०, १७२, १२५, १६८ आकडे असलेलं इंजिन, यातलं निरोगी कोणतं? का?
४. तेल टाकून पुन्हा का मोजतात? स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. घरात अशी कोणती वस्तू आहे, जिला ताकद कमी म्हणून आपण बदलायला निघतो, पण खरं तर ती कुठेतरी गळत असते?

पाचव्या प्रश्नाला मुलं भन्नाट उत्तरं देतात. एका मुलीने सांगितलं, "आमच्या बोअरची मोटार मोठी आणायची म्हणत होते, पण पाइपच फुटलेला होता." धडा समजला की नाही, हे तपासायला याहून चांगली चाचणी नाही.

जाता जाता आपल्या कामाबद्दल एक गोष्ट. पहिल्या चाचणीत मूल मागे पडलं की आपण जादा तास लावतो, पालक शिकवणी लावतात, घरी आणखी दोन वह्या वाढतात. पण त्याला फळा नीट दिसतोय का? जोडाक्षरं वाचता येतात का? हातच्याची वजाबाकी कुठे अडते? पायाभूत चाचणी आपण घेतो ती यासाठीच, नुसती नोंदवही भरण्यासाठी नाही. कोणत्या सिलिंडरचा आकडा खाली आहे हे कळल्याशिवाय दाब वाढवू नये. गळती सापडली आणि बुजली की बऱ्याच मुलांना जादा काही लागतच नाही.

तिन्ही प्रयोग एका तासिकेत होतात, सिरिंजचा प्रयोग दोन-दोन मुलांच्या गटात घ्या. करून बघा आणि तुमच्या वर्गातली मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.